निळ्या स्क्रूवरचा लाल ठिपका

टीव्हीचा रंग बिघडला की लोक आधी त्याच्या डोक्यावर चापट मारायचे, मग अँटेना हलवायचे, मग घरातल्या सगळ्यात लहान माणसावर संशय घ्यायचे, आणि हे सगळं करून दमले की रंगमास्तरांकडे यायचे. मास्तरांना ते उशिरा आल्याचा राग नसायचा. राग यायचा तो चापटीचा. "डोकं दुखलं म्हणून कुणी तुमच्या थोबाडीत मारली तर चालेल का?" असं ते विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता टीव्ही टेबलावर घ्यायचे.

त्यांचं खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं आणि परवाना कपाटाच्या मागे पडला होता. सगळी वस्ती त्यांना रंगमास्तर म्हणायची. आवाज गेला, पट्ट्या आल्या, सेट चालूच होत नाही, असली कामं करणारे कारागीर पुष्कळ होते. पण जुन्या, पाठीला कुबड असलेल्या काचेच्या ट्यूबच्या टीव्हीचा रंग लावावा तो मास्तरांनीच. पातळ टीव्ही आल्यावर बाकीच्यांनी एकेक करून नांगी टाकली, कुणी मोबाइल उघडायला लागले, कुणी कॅमेरे बसवायला. मास्तर जागचे हलले नाहीत. ट्यूबचे सेट कमी झाले तसे उरलेले सगळे त्यांच्याकडेच यायला लागले, आणि ही आपली भरभराट आहे असं ते छातीठोकपणे सांगायचे.

त्यांची पद्धत एकदा बघण्यासारखी होती. गल्लीच्या टोकाला सलून आहे, तिथल्या टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यात एकदा जांभळा डाग पडला. तिथून जाणारा प्रत्येक माणूस जांभळा व्हायचा आणि पुढे जाऊन बरा व्हायचा. ट्यूब गेली, असं दोन कारागिरांनी सलूनवाल्याला सांगितलं. मास्तर गेले, त्यांनी पिशवी खाली ठेवली, आणि टीव्ही उघडायचं सोडून दाढीच्या खुर्चीत जाऊन बसले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"चार दिवस झाले."

"सगळ्या चॅनलवर?"

"सगळ्या."

"चार दिवसांपूर्वी इथे काय बदललं?"

"काही नाही. सगळं होतं तिथंच आहे," सलूनवाला म्हणाला.

मास्तर खुर्चीत बसून पाच मिनिटं नुसते भिंती बघत राहिले. मग उठले आणि टीव्हीच्या शेजारी भिंतीवर ठोकलेली एक नवी कोरी पट्टी त्यांनी उपटून काढली. कात्र्या चिकटून राहाव्यात म्हणून सलूनवाल्याने हौसेने आणलेली ती चुंबकाची पट्टी होती. चुंबक जवळ आलं की ट्यूबमधले किरण वाकतात आणि भलत्या रंगावर जाऊन पडतात. पडद्यात उरलेलं चुंबकत्व उतरवायला पिशवीतली तारेची मोठी रिंग काढून, विजेला जोडून मास्तरांनी ती पडद्यासमोर गोल गोल फिरवली, फिरवत फिरवत मागे सरकले, आणि डाग गेला. टीव्हीचा एक स्क्रूसुद्धा ढिला झाला नव्हता.

"बिघाड नेहमी आधी डब्याबाहेर शोधायचा," मास्तर म्हणाले. "आत बिचारे पुर्जे आपापलं काम करत असतात." त्या दिवसापासून सलूनवाला त्यांचा भक्त झाला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मानेवर वस्तरा ठेवून ही गोष्ट ऐकवायला लागला. त्या अवस्थेत ती कुणी अर्धवट सोडून जाऊ शकत नसे.

तर हा झाला डाग. पण मास्तरांची खरी कलाकारी होती पांढऱ्यात. रंगीत टीव्हीत पांढरा रंग नसतोच. लाल, हिरवा आणि निळा अगदी मापात मिसळले की तो होतो. ट्यूब म्हातारी झाली की तिन्हींचं एकमेकांशी पटेनासं होतं. मग मागचं झाकण काढून, ट्यूबच्या मानेवर बसवलेल्या छोट्या बोर्डावरचे तीन स्क्रू केसाकेसाने फिरवायचे, लालचा, हिरव्याचा, निळ्याचा. पंचाईत अशी की स्क्रू मागे आणि पडदा पुढे. म्हणून टेबलासमोर मास्तरांनी लाकडी चौकटीचा एक मोठा आरसा उभा केला होता. ते टीव्हीच्या पाठीमागून मान वर काढायचे, डावा डोळा मिटून आरशात पडदा बघायचे, रंग शून्यावर नेऊन चित्र काळं-पांढरं करायचे, आणि त्या पांढऱ्यातली रंगाची झाक पुरती जाईपर्यंत हात थांबवायचे नाहीत. मनासारखं झालं की तिन्ही स्क्रूंवर लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्यायचे, म्हणजे ते पुन्हा हलत नाहीत. नेलपॉलिश बायकोचं. तिने ते नखाला लावलेलं मात्र कुणी कधी पाहिलं नव्हतं.

बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. दुकानाच्या अर्ध्या भागात तिचं शिलाई मशीन होतं. शर्ट आखूड करणं, पडद्यांना काठ लावणं, चेन बदलणं ही तिची कामं, आणि कापडाला जुळता दोरा शोधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तीस वर्षं दोघं पाठीला पाठ लावून बसत होती, आणि तीस वर्षांत मास्तरांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं, की बघ गं, रंग कसा दिसतोय. तिलाच काय, कुणालाच विचारलं नव्हतं. "रंग विचारून लावायचा नसतो. विचारलं की माणूस काहीतरी सांगतो," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

आणि ती पाटी. दुकान थाटलं त्या वर्षी, तरुण रक्ताच्या भरात, मास्तरांनी स्वतःच्या हाताने रंगवून दारावर लावली होती: 'रंग चुकला तर दुकान बंद.' लोक हसले. मास्तर हसले नव्हते. शब्द म्हणजे शब्द. रंग चुकला म्हणून इथून गेलेला सेट परत येईल त्या दिवशी शटर खाली, कायमचं, हे त्यांनी चारचौघांत अनेकदा सांगितलं होतं, आणि मास्तर बोलले की करतात हे सगळ्यांना माहीत होतं. तसा सेट एकही आला नव्हता.

मास्तरांना बासष्टावं लागलं त्या वर्षीची ही गोष्ट. मास्तरीणबाईंच्या बहिणीचा पाय प्लास्टरमध्ये गेला आणि त्या पंधरा दिवसांसाठी तिच्याकडे गेल्या. निघताना दारात दोनदा घुटमळल्या. "काम आलं तर घेऊन ठेवा, मी आल्यावर करा," असं म्हणाल्या. टीव्हीच्या कामाचा आणि तुझ्या येण्याचा काय संबंध, असं मास्तरांनी विचारलं, तेव्हा "काही नाही" म्हणून बसमध्ये बसल्या.

एरवी महिन्यातून एखादा सेट यायचा. त्या पंधरवड्यात तीन आले. पहिला सलूनवाल्याचाच. दुसरा निवृत्त नर्सचा, जिला सगळे सिस्टर म्हणतात. तिसरा जुन्या व्हिडिओ गेमच्या क्लबचा. हे गेम ट्यूबच्या टीव्हीवरच बरे दिसतात म्हणून क्लबची तरुण सेक्रेटरी कुठून कुठून ट्यूब शोधत हिंडत होती, आणि तिला मास्तर सापडले. हा एक नीट झाला तर क्लबचे आणखी सेट मास्तरांकडेच येणार होते. मास्तर खुशीत होते. तिन्ही सेट त्यांनी शीळ घालत लावले, ठिपके दिले, आणि घरपोच केले.

चौदाव्या दिवशी सकाळी सलूनवाला टीव्ही पोटाशी धरून दारात उभा राहिला.

"मास्तर, रागावणार नसाल तर सांगतो."

"रागावणार. सांग."

"आमचा हिरो पाण्यातून बुडून वर काढल्यासारखा दिसतोय. निळा पडलाय."

"कात्र्यांची पट्टी परत लावलीस?"

"आईशपथ नाही."

तो खुर्ची शोधेपर्यंत सिस्टर आल्या, हमालाच्या डोक्यावर टीव्ही. "बातम्या देणारीचे ओठ निळे आहेत," त्यांनी जाहीर केलं. "मी ड्युटीवर असते तर हिला आधी ऑक्सिजन लावला असता." आणि दुपारी क्लबवाली आपला सेट घेऊन आली, ती बिचारी दारातच अडखळली. "काका, आमच्या गेममधला कोल्हा केशरी असतो. तो गुलाबी झालाय. पोरं खेळायची सोडून हसत बसलीत."

मास्तरांनी तिघांनाही ठणकावून सांगितलं की संध्याकाळपर्यंत कारण सापडेल. सिस्टर आणि क्लबवाली गेल्या. सलूनवाला गेला नाही. त्याने सलूनला कुलूप लावलं आणि स्टुलावर बसून राहिला, कारण पाटी त्याच्या डोळ्यांसमोर होती आणि ती वाचायची नाही असं ठरवूनही तो वाचत होता.

"मला वाचता येतं," मास्तर म्हणाले. "आधी बिघाड कुठे आहे ते बघू. मग पाटीचं बघू."

त्यांनी तिन्ही सेट शेजारी शेजारी लावले, रंग शून्यावर नेले. सवयीप्रमाणे डावा डोळा मिटून बघताना त्यांना तिन्ही पडदे छान पांढरे दिसत होते. सलूनवाल्याला तिन्ही निळसर दिसत होते. मास्तरांनी आधी आरशावर संशय घेतला. सलूनवाल्याने धावत जाऊन आपला आरसा आणला. तेच. मग डोक्यावरची ट्यूबलाइट बंद केली, दार सताड उघडून उजेडात बघितलं. तेच. मग सलूनवाल्यावर संशय घेतला, त्याला रस्त्यावरच्या चार गाड्यांचे रंग ओळखायला लावले. चारही बरोबर.

मास्तर खाली बसले. "तीन सेट, तीन कंपन्यांचे. वय वेगळं, ट्यूब वेगळी. तिन्हींत बिघाड एकच असेल तर तो सेटमध्ये नसतो," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर लोकांना ऐकवलं होतं. आज ऐकणारे ते स्वतःच होते.

"मग कशात असतो?" सलूनवाल्याने विचारलं.

"तिन्हींना लागून जे असतं त्यात."

त्यांनी बायकोच्या टेबलावरून एक पांढरा कागद उचलला, दारातल्या उजेडात धरला, आणि जोड स्पीकरांतला एकेक बंद करून तपासावा तसा आधी डावा डोळा झाकला. कागद जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळट झाला. उजवा झाकला. कागद बऱ्यापैकी पांढरा. पुन्हा डावा झाकला. पिवळट. असं त्यांनी सहा-सात वेळा केलं. मग तसंच पडद्यांकडे पाहिलं. उजव्या डोळ्याने तिन्ही पांढरे होते आणि डाव्याने तिन्ही निळे.

मास्तरांना भीती वाटली. तोपर्यंत त्यांना टीव्हीच्या दुकानात कधी भीती वाटली नव्हती, हजारो व्होल्टच्या ट्यूबशेजारी हात घालतानाही नाही. ज्या डोळ्यावर तीस वर्षं पोट चाललं होतं तो सगळं जग पिवळं करून दाखवत होता, आणि ते शहाण्यासारखे पिवळं मारायला निळं वाढवत होते. त्यांना आठवलं, गेल्या वर्षी बायकोने डब्यातून पांढरा दोरा मागितला होता आणि त्यांनी साईच्या रंगाचा दिला होता, वर हाच पांढरा आहे म्हणून वादही घातला होता. मास्तरीणबाई एरवी वादात हार जाणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र दोरा मुकाट घेऊन बसल्या होत्या.

"मोतीबिंदू," मास्तर म्हणाले. "लेन्स पिकली आहे. बिघाड सापडला."

सलूनवाल्याची नजर पाटीकडे गेली. "मग आता पाटी..."

"थांब." मास्तरांनी हात वर केला. त्यांच्या डोक्यात अजून काहीतरी अडकलं होतं. "कधीपासून, हा प्रश्न राहिला. डोळा काही पंधरा दिवसांत पिकत नाही. वर्ष तरी झालं असेल. मग वर्षभरात लावलेले सेट परत कसे नाही आले?"

मैदानाच्या राखणदाराचा एक टीव्ही दीड महिन्यापासून फळीवर तयार पडला होता; राखणदार गावाला गेला होता. तो सेट मास्तरांनी खाली घेतला, चालू केला, रंग शून्यावर नेला आणि सलूनवाल्याकडे पाहिलं.

"हा झकास आहे," सलूनवाला म्हणाला. "दुधासारखा."

मास्तरांनी सेट बंद करून झाकण काढलं आणि बोर्डाजवळ बॅटरी धरली. तीन स्क्रू, तीन लाल ठिपके. लाल आणि हिरव्याच्या स्क्रूवरचे ठिपके त्यांच्या हातचे होते, पातळ, एका टेकवणीचे. निळ्याच्या स्क्रूवर मात्र खाली तडकलेला जुना ठिपका होता आणि त्याच्यावर दुसरा, जाडसर, काठ नीट गोल फिरवून घेतलेला. काजाला टाका घालावा तितका निगुतीने दिलेला ठिपका होता तो.

मास्तरांनी बॅटरी बंद केली. इथे काय बदललं, हा त्यांचा नेहमीचा तिसरा प्रश्न असायचा ना, त्याचंही उत्तर मिळालं होतं. दुकानातून फक्त एक माणूस कमी झालं होतं.

मास्तरीणबाई दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने आल्या. दारात मांडलेले तीन टीव्ही आणि फळीवरचा चौथा उघडा पाहून त्यांनी पिशवी हातातच ठेवली.

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

"दोऱ्याच्या दिवसापासून," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवायला घरी गेलात की मी निळा जरासा उतरवायची. तीस वर्षं मागे बसून बघतेय मी. स्क्रू कुठला ते काय मला कळत नाही?"

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी शटर ओढलं असतं तुम्ही. पाटी लावून बसलाय ना. डॉक्टरकडे चला म्हणून चार वेळा म्हटलं, तर माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय म्हणालात."

हे खरं होतं. मास्तरांना आधी राग आला होता, रात्रभर पुरेल एवढा आला होता. आपल्या कामाला आपल्या मागे कुणी हात लावतं, आणि तेही आपल्याच घरातलं. पण राग तपासायला घेतला की तो कुठेतरी सैल लागायचा. वर्षभर ही बाई चोरासारखी स्क्रू फिरवत होती, आणि श्रेय सगळं आपल्या खात्यात. एकदाही टोमणा नाही. तीस वर्षांच्या संसारात टोमण्याची एवढी मोठी संधी तिने वाया घालवली, हे आठवून त्यांना भरून आलं.

संध्याकाळी सलूनवाला, सिस्टर आणि क्लबवाली आली. मास्तरांनी तिघांना बसवलं आणि काही न लपवता सांगितलं की रंग चुकला, तो माझ्या डोळ्याने चुकला, आणि वर्षभर चुकत होता. सिस्टर म्हणाल्या, मोतीबिंदूचं काय एवढं, माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, उद्याच दाखवू. सलूनवाला म्हणाला, पाटी काढून टाका, कुणी विचारणार नाही.

"पाटी का काढायची? पाटी खरी आहे," मास्तर म्हणाले. ते उठले, सगळ्यांना बाहेर काढलं, मास्तरीणबाईंनाही, आणि खाडकन शटर खाली ओढून कुलूप घातलं. रस्त्यावर पाच माणसं उभी होती. क्लबवालीचा टीव्ही आतच राहिला होता, पण तो मागायची तिची छाती झाली नाही.

"माझं दुकान बंद," मास्तर म्हणाले. मग त्यांनी किल्ली बायकोच्या हातात दिली. "आता तुझं उघड. रंगाचा शेवटचा शब्द तुझा. मला स्क्रू फिरवायला ठेवत असशील तर बघ."

मास्तरीणबाईंनी किल्लीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "वेळेवर यावं लागेल," त्या म्हणाल्या, आणि वाकून कुलूप काढलं.

त्याच संध्याकाळी तिन्ही सेट लागले. आरसा भिंतीला टेकवून ठेवला होता, आणि त्याच्या जागी स्टुलावर मास्तरीणबाई बसल्या होत्या. मास्तर पाठीमागे वाकले, स्क्रू ड्रायव्हर निळ्यावर टेकवला, आणि घसा खाकरून, तीस वर्षांत जे कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं.

"बघ गं. कसा दिसतोय?"

"उतरवा. अजून. अजून जरा. केसभर मागे."

"आता?"

"आता राहू द्या."

महिन्याभराने उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा भिंती, चादरी, डॉक्टरांचा कोट, सगळं मास्तरांना निळसर पांढरं दिसायला लागलं, आणि डॉक्टरांनी निळा जरा जास्त ठेवलाय का अशी शंका त्यांनी तिथल्या तिथे काढली. आठवड्यात ती झाक गेली. मग एका सकाळी ते एकटेच दुकानात आले, राखणदाराचा तो टीव्ही अजून तिथेच होता, तो त्यांनी लावला. रंग शून्यावर नेला. आरसा पुसून समोर ठेवला आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन नव्या कोऱ्या डोळ्याने पांढरं बघितलं. कुठल्याच रंगाची झाक नव्हती. चूक काढायचीच म्हणून बसले, जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, दिवा लावून आणि घालवून पाहिलं. फिरवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मास्तरीणबाई आल्या तेव्हा ते झाकण लावत होते.

"काय केलंत त्याला?" त्यांनी संशयाने विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाले. "मला इतका चांगला कधीच लागला नव्हता." आणि आरसा उचलून त्यांनी तिच्या मशीनशेजारी नेऊन ठेवला, कपडे घालून बघणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी.